दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि लागणारा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अमुक शहराहून तमुक शहर विमानाने किती लांब आणि किती तास?’ हा प्रश्न दिसतो सोपा. पण त्यातल्या पहिल्या अर्ध्या भागाला एक उत्तर असतं आणि दुसऱ्या अर्ध्या भागाला अनेक. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे जरा अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विमानाचं अंतर म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंतचं अंतर?

एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्वृत्त म्हणतात, त्या वर्तुळाच्या कंसाची ही लांबी. रस्ता, डोंगर, समुद्र यांचा त्यात विचार नसतो. विमान प्रत्यक्षात किती किलोमीटर उडालं, हेही त्यात नसतं. प्रत्यक्ष मार्ग यापेक्षा जवळजवळ नेहमीच थोडा लांब असतो. कारणं प्रश्न ९ आणि १० मध्ये आहेत.

२. एकाच दोन शहरांचं अंतर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं का दिसतं? खरं कुठलं मानायचं?

बहुतेक वेळा सगळीच खरी असतात, फक्त मोजलेली गोष्ट वेगळी असते.

पहिलं कारण म्हणजे बिंदू. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर लांब आहे आणि हानेदा शहराला अगदी लागून. म्हणजे ‘टोकियोपर्यंतचं अंतर’ म्हणताना कुठला विमानतळ, हे आधी ठरवावं लागतं.

दुसरं कारण एकक. विमानवाहतुकीत सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर. जमिनीवरचा मैल १,६०९ मीटरचा. नुसतं ‘३,००० मैल’ लिहिलं असेल तर कुठला मैल त्यावर सातशेहून जास्त किलोमीटरचा फरक पडतो. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो असं माझं मत आहे.

तिसरं कारण पृथ्वीचा आकार. सोपं गणित पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा चेंडू मानतं. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६,३५७. त्यामुळे दोन पद्धतींच्या उत्तरांत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. प्रवाशाने या तिसऱ्या कारणाकडे खुशाल दुर्लक्ष करावं.

३. सीटसमोरच्या पडद्यावर विमान वाकड्या रस्त्याने जाताना दिसतं. सरळ का जात नाही?

ते सरळच जात असतं. वाकडा असतो तो नकाशा. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर पसरली की ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, आणि त्या ताणलेल्या भागातून जाणारी सर्वांत जवळची रेघ कमानीसारखी दिसते.

टोकियो आणि लॉस एंजेलिस घ्या. दोन्ही साधारण ३४ ते ३६ अंश उत्तर अक्षांशावर. नकाशावर पट्टी ठेवली तर वाटेल की नाकासमोर पूर्वेला जावं. तसं अक्षवृत्त धरून गेलात तर सुमारे ९,२०० किलोमीटर होतात. बृहद्वृत्ताने तेच अंतर सुमारे ८,७५० किलोमीटर भरतं, आणि ती वाट मध्यावर ४७ अंश उत्तरेच्याही वर चढते. पटत नसेल तर पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांना दोरा टेकवून ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो.

शहरं एकमेकांच्या बरोबर उत्तर-दक्षिणेला असतील किंवा दोन्ही विषुववृत्तावर असतील, तर मात्र कमान दिसत नाही.

४. मला अंतर स्वतः काढायचं आहे. जमेल का?

जमेल. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हवेत. हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंतच्या अंतराला शाळेतला पायथागोरस पुरतो.

उदाहरणार्थ मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व आणि दिल्ली विमानतळ २८.५६ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशांतला फरक ९.४७ अंश. एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर १,०५३ किलोमीटर. रेखांशांतला फरक ४.२३ अंश, पण रेखांशाचा एक अंश ध्रुवांकडे जाताना लहान होत जातो. म्हणून दोन्ही अक्षांशांच्या मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे सुमारे २३.८ अंशांच्या, कोसाइनने गुणायचं. तो ०.९१५ आहे. ४.२३ गुणिले १११.२ गुणिले ०.९१५ म्हणजे ४३० किलोमीटर. आता दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज आणि बेरजेचं वर्गमूळ: १,१३७ किलोमीटर. संगणक १,१४० च्या आसपासच सांगतो.

लांबच्या शहरांसाठी ही युक्ती वापरू नका. तिथे हॅवरसाइन हे सूत्र लागतं. ते कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये बसवता येतं.

५. अंतर माहीत आहे. किती वेळ लागेल याचा पटकन अंदाज कसा बांधायचा?

किलोमीटरला ८५० ने भागा आणि वर ४० मिनिटं मिळवा. हा माझा अंगठ्याचा नियम आहे, शास्त्र नव्हे, पण बऱ्यापैकी चालतो. मुंबई-दिल्ली दोन तास येतात, वेळापत्रकात दहा-वीस मिनिटं जास्त असतात. लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर आहे, उत्तर येतं सात तास बारा मिनिटं. प्रत्यक्षात पूर्वेला जाताना साधारण सात आणि पश्चिमेला जाताना आठच्या आसपास तास लागतात. सिंगापूर-न्यूयॉर्क सुमारे १५,३५० किलोमीटर, उत्तर पावणेएकोणीस तास, तेही वेळापत्रकाच्या अगदी जवळ.

८५० का? मोठी जेट विमानं ध्वनीच्या सुमारे ०.८५ पट वेगाने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर, उणे ५६ अंश तापमानात, ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे विमानाचा वेग झाला ताशी ९००. मध्यम आकाराची विमानं ०.७८ पटीने, म्हणजे ताशी ८३० च्या आसपास उडतात. ४० मिनिटं कशाची, ते पुढच्या उत्तरात.

६. तिकिटावर सव्वादोन तास लिहिलेत, पण विमान हवेत पावणेदोन तासच होतं. उरलेला वेळ कुठे गेला?

जमिनीवर. तिकिटावरची वेळ चाकं हवेत उचलली जाण्यापासून मोजत नाहीत. विमान उभ्या जागेवरून मागे सरकलं की घड्याळ सुरू होतं आणि दुसरीकडे उभ्या जागेवर येऊन थांबलं की बंद. मधे धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत गेटपर्यंत येणं, हे सगळं धरलेलं असतं. विमानतळ मोठा असेल तर एका टोकालाच वीस मिनिटं सहज जातात.

शिवाय चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. जगातल्या बऱ्याच हवाई क्षेत्रांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. म्हणूनच ३०० किलोमीटरच्या प्रवासाला ‘२० मिनिटं’ कधीच लागत नाहीत. तासभर धरा.

७. जाताना आठ तास आणि येताना सात तास. अंतर तर तेच! पृथ्वी फिरते म्हणून का?

नाही. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही. पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा मिळत असता तर नुसतं हवेत तरंगत राहूनही पुढचं शहर आपोआप खाली आलं असतं.

खरं कारण वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० ने जात असेल आणि पाठीमागून ताशी १५० चा वारा असेल, तर जमिनीच्या तुलनेत वेग १,०५० होतो. तोच वारा समोरून आला तर ७५०. नदीत प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्यासारखंच.

फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. साधं जंबो जेट, कसलीही खास यंत्रणा नाही, फक्त पाठीशी वारा. याच मार्गावर ७ फेब्रुवारी १९९६ रोजी काँकॉर्डने २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांची वेळ नोंदवली होती, पण काँकॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडायचं.

हे वारे सर्वांत आधी पद्धतशीरपणे मोजणाऱ्यांपैकी एक होते जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी. १९२० च्या दशकात त्यांनी फुगे सोडून मोजमाप केलं आणि निष्कर्ष एस्परांतो या मुद्दाम तयार केलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापले. साहजिकच ते फार कुणी वाचले नाहीत.

८. मग हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेळ वेगळा लागतो का?

हो. हिवाळ्यात ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक वाढतो, त्यामुळे जेट स्ट्रीम जोर धरते. पूर्वेकडचा प्रवास आणखी जलद, पश्चिमेकडचा आणखी रेंगाळणारा. कंपन्या म्हणूनच उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन वेळापत्रकं काढतात तेव्हा त्याच मार्गाचा वेळ बदललेला दिसतो. उत्तर-दक्षिण मार्गांवर हा फरक फारसा जाणवत नाही.

९. जास्त लांबचा मार्ग घेऊन विमान लवकर पोचू शकतं का?

पोचू शकतं, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातली सर्वांत मजेदार गोष्ट हीच. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे बृहद्वृत्तावरचं अंतर १२,४०० किलोमीटरच्या आसपास आहे. एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेला, प्रशांत महासागरावरून नेलं. ते सुमारे १५,३०० किलोमीटर उडालं, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा हजारहून जास्त किलोमीटर अधिक. तरी ते साडेचौदा तासांत पोचलं. सबंध वाट वारा पाठीशी होता.

उत्तर अटलांटिकवर तर हे रोज चालतं. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामधल्या हवाई वाटा वाऱ्याचा अंदाज बघून दर दिवशी नव्याने आखल्या जातात. पूर्वेला जाणाऱ्या वाटा वाऱ्याच्या पट्ट्यात, पश्चिमेला जाणाऱ्या त्याला चुकवून. कालची वाट आज असेलच असं नाही.

१०. वारा सोडला तर विमानाला आणखी कशामुळे वळसा पडतो?

सर्वांत मोठं कारण बंद आकाश. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं हवाई क्षेत्र अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना बंद झालं. हेलसिंकी-टोकियो हा प्रवास त्याआधी साडेनऊ तासांच्या आसपास होता, तो तेरा तासांच्या घरात गेला. फिनएअरची विमानं काही वेळा थेट उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. दोन शहरांमधलं अंतर एक मीटरनेही वाढलं नव्हतं.

दुसरं कारण डोंगर. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर लगेच १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे.

तिसरं कारण समुद्र. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठराविक वेळात पोचता येईल असा विमानतळ वाटेत असावा लागतो. पूर्वी ही मर्यादा फक्त ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये १२० मिनिटांना परवानगी मिळाली, पुढे १८० ला, आणि आता काही विमानांना त्याहून कितीतरी जास्त मिळते. त्यामुळे हा वळसा बराच कमी झाला आहे. दक्षिण गोलार्धात, उदाहरणार्थ सिडनी-सँटियागो मार्गावर, तो अजूनही विचारात घ्यावा लागतो. तिथली सर्वांत जवळची वाट अंटार्क्टिकाच्या बाजूने जाते आणि वाटेत विमानतळ जवळजवळ नाहीतच.

बाकी वादळं, लष्करी सराव, उतरायच्या विमानतळावरची गर्दी. गर्दी असली की विमान हवेतच लांबट गोल घिरट्या घालतं. एका घिरटीला चारेक मिनिटं जातात.

११. आमच्या मार्गावर पंख्याचं विमान आहे. तोच नियम लावू का?

नको. एटीआर ७२ सारखं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. ८५० ऐवजी ५०० ने भागा, वरची मिनिटं ३० धरा. ४०० किलोमीटरच्या आत जेट आणि पंख्याच्या विमानात फरक दहा-पंधरा मिनिटांचाच पडतो.

१२. अर्धा तास उशिरा सुटलो तरी वेळेवर पोचलो. पायलटने वेग वाढवला का?

वाढवलाही असेल, पण श्रेय बहुतेक वेळापत्रकाचं असतं. कंपन्या वेळापत्रकात आधीच थोडा जास्तीचा वेळ धरून ठेवतात, म्हणजे रोजच्या छोट्या खोळंब्यांनी विमान ‘उशिरा’च्या यादीत जात नाही. बऱ्याच ठिकाणी १५ मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच मोजतात, तो भाग वेगळा.

वेग वाढवून फार काही हाती लागत नाही. विमान आधीच आपल्या मर्यादेच्या जवळ उडत असतं. दोन तासांच्या प्रवासात चार-पाच मिनिटं वाचली तरी खूप, आणि त्यासाठी इंधन बरंच जास्त जळतं. लांबच्या प्रवासात अर्धा तास भरून निघाला तर त्यामागे बहुधा वारा असतो.

१३. दुपारी दीडला निघून संध्याकाळी सहाला पोच. म्हणजे साडेचार तासच?

नाही. तिकिटावर निघण्याची वेळ निघायच्या शहराची आणि पोचण्याची वेळ पोचायच्या शहराची असते. दोन्ही एकाच घड्याळात आणल्याशिवाय वजाबाकी करू नका.

समजा जानेवारीत मुंबईहून दुपारी १:३० ला निघून लंडनला ६ ला पोचलात. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे निघालात ८:०० ला. लंडन हिवाळ्यात जागतिक वेळेवरच असतं, म्हणजे पोचलात १८:०० ला. प्रवास दहा तासांचा.

अर्ध्या-पाऊण तासाचे फरकही विसरू नका. नेपाळची वेळ ५:४५ ने पुढे आहे, अफगाणिस्तानची ४:३० ने.

१४. मार्चमध्ये दोन शहरांतला वेळेचा फरक अचानक एका तासाने बदलला. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क-लंडन फरक पाच तासांऐवजी चार होतो. शरद ऋतूतही थोडे दिवस असंच होतं, कारण युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे घेते. कनेक्टिंग विमान पकडायचं असेल तर या आठवड्यांत तारखेनुसार फरक तपासा, पाठ असलेला आकडा वापरू नका.

१५. टोकियोहून संध्याकाळी पाचला निघून त्याच दिवशी सकाळी दहाला लॉस एंजेलिसला पोच लिहिलंय. छपाईची चूक?

नाही, अगदी बरोबर आहे. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते आणि तारीख एक दिवस मागे येते. हिवाळ्यात टोकियो लॉस एंजेलिसच्या १७ तास पुढे असतं. संध्याकाळी ५ ला निघालात तेव्हा तिकडे त्याच दिवसाची मध्यरात्र होती, त्यात दहा तासांचा प्रवास मिळवला की सकाळचे दहा. परतताना मात्र दिवस गमावला जातो: दुपारी १२ ला निघून बारा तासांनी उतरलात तर तिथे दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, पाच वाजलेले. हॉटेलचं बुकिंग करताना तिकिटावरचं ‘+१’ नीट बघा.

१६. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ यांत फरक आहे का?

आहे. नॉनस्टॉप मधे कुठेच उतरत नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइटचा क्रमांक तोच, पण मधे थांबा असू शकतो. क्वांटासची सिडनी-लंडन फ्लाइट एकाच क्रमांकाने जाते, पण सिंगापूरला उतरते. मार्च २०१८ पासून याच कंपनीने पर्थ-लंडन हा सुमारे १४,५०० किलोमीटरचा प्रवास नॉनस्टॉप सुरू केला. वेळ बघताना ‘थांबे: ०’ असं स्पष्ट लिहिलंय का, ते तपासा.

१७. अंतराचा आकडा प्रत्यक्षात कुणाच्या कामी येतो?

तुमच्या येऊ शकतो. युरोपीय संघाच्या नियमांत उशिरासाठी मिळणारी भरपाई अंतरावर ठरते: १,५०० किलोमीटर आणि ३,५०० किलोमीटर हे टप्पे. हे अंतर बृहद्वृत्ताने मोजतात. मधे विमान बदललं असलं तरी पहिल्या शहरापासून शेवटच्या शहरापर्यंतचंच धरतात, मधल्या वळशाचं नाही, असा तिथल्या न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे.

त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये ‘पोचलं’ कधी म्हणायचं हेही ठरवून दिलं. चाकं टेकली तेव्हा नाही, गेटला लागलं तेव्हाही नाही. विमानाचा निदान एक दरवाजा उघडून प्रवाशांना बाहेर पडता आलं तेव्हा. दोन-चार मिनिटांवर दावा अडलेल्यांना यातला अर्थ लगेच कळेल.

कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबातही अंतर लागतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेची पद्धत बृहद्वृत्ताच्या अंतरात वळशांसाठी भर घालते: ५५० किलोमीटरच्या आत ५०, त्यापुढे ५,५०० पर्यंत १००, आणि त्याहून लांब असेल तर १२५ किलोमीटर.

१८. विमान इतक्या उंचावरून जातं, मग वर अंतर वाढत नाही का?

वाढतं, पण नगण्य. अकरा किलोमीटर उंचीवर वर्तुळ सुमारे ०.१७ टक्क्यांनी मोठं होतं. १०,००० किलोमीटरच्या प्रवासात १७ किलोमीटर, म्हणजे मिनिटभराचा फरक.

१९. सर्वांत लांब आणि सर्वांत छोटा नियमित प्रवास कुठला?

लांब म्हणजे प्रश्न ५ मधला सिंगापूर-न्यूयॉर्क. छोटा म्हणजे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधला वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं, पण वारा साथीला असेल तर मिनिटभरातही होतो. अंगठ्याचा नियम इथे लावला तर ४० मिनिटं येतात, तेव्हा तो लावू नका.

२०. दोन शहरं पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध टोकांना असतील तर सर्वांत जवळची वाट कुठली?

कुठलीही. बरोबर विरुद्ध बिंदू असतील तर ज्या दिशेला तोंड कराल त्या दिशेने अंतर सारखंच, सुमारे २०,००० किलोमीटर. स्पेन आणि न्यूझीलंड यांची जोडी साधारण अशी आहे. विमान मधे थांबणारच असल्यामुळे ‘पूर्वेकडून की पश्चिमेकडून’ हे अंतर बघून ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंची तिकिटं उघडा आणि मधल्या विमानतळावर किती तास बसावं लागतंय ते बघा.